बारामती-वडगाव निंबाळकरच्या बाजूला फिरताय? दुपारचं स्वस्त आणि चांगलं जेवण कसं शोधायचं, समजून घ्या

सकाळी मोरगावच्या मयूरेश्वराचं दर्शन झालं. तिथून बारामतीत येऊन कऱ्हेकाठची जुनी मंदिरं बघितली, मोरोपंत जिथं राहिले तो भाग फिरून झाला. किंवा नीरा-बारामती रस्त्यानं येताना करंजे इथल्या सोमेश्वराला जाऊन वडगाव निंबाळकरला पोचलात. घड्याळात दुपारचा एक वाजलाय, पोटात कावळे ओरडतायत आणि हातात मोबाईल आहे.

अशा वेळी बहुतेक लोक एकच गोष्ट करतात. मॅप उघडतात, ‘हॉटेल’ टाइप करतात आणि सगळ्यात जास्त स्टार असलेल्या ठिकाणी गाडी वळवतात. तिथं रंगीत दिवे असतात, गार्डन असतं, मेन्यू कार्डही जाडजूड असतं. बिल आलं की लक्षात येतं, एवढ्यात घरातले चौघं दोनदा जेवले असते. आणि त्याच रस्त्यावर, दोनशे पावलांवर, पत्र्याच्या शेडमध्ये गावातले तीस-चाळीस लोक गरम भाकरी-आमटी खाऊन निम्म्याहून कमी पैशात बाहेर पडलेले असतात.

ती शेड मॅपवर का दिसत नाही? तिथलं जेवण स्वस्त कसं काय परवडतं? आणि स्वस्त आहे म्हणजे चांगलं असेलच कशावरून? एकेक करून बघू.

आधी शब्द नीट समजून घ्या

आपल्याकडं ‘हॉटेल’ म्हणजे खायचं ठिकाण आणि राहायचं ठिकाण म्हणजे ‘लॉज’. मॅपला हे कळत नाही. त्यामुळं ‘हॉटेल’ शोधलं की राहायची ठिकाणं आणि मोठी रेस्टॉरंट वर येतात. त्याऐवजी देवनागरीत ‘खानावळ’, ‘भोजनालय’ किंवा ‘मेस’ असं टाइप केलं तर वेगळीच यादी समोर येते.

आणखी एक. नुसतं ‘वडगाव’ टाकू नका. पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे. बारामती तालुक्यातलं हवं असेल तर ‘वडगाव निंबाळकर’ असं पूर्ण नावच टाकायचं. नाहीतर जेवायला निघालेला माणूस जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा.

आता पाट्यांवरचे शब्द.

खानावळ: ठरलेलं ताट, ठरलेली वेळ. काय खायचं हे तुम्ही नाही, त्या दिवशीचा बाजार ठरवतो. मराठीत शिवण्याच्या मजुरीला शिवणावळ म्हणतात, धुण्याच्या मजुरीला धुणावळ. जुना ‘खाणावळ’ हा शब्दही याच घडणीचा. म्हणजे जेवण आणि त्याचा ठरलेला मोबदला हे दोन्ही या शब्दातच आहे.

मेस: खानावळीचंच कॉलेजच्या परिसरातलं रूप. इथं महिन्याचे ‘मेंबर’ असतात. एखादा दिवस जेवला नाही तर ‘खाडा’ धरतात. बाहेरच्या माणसाला एका ताटाचा वेगळा दर लावून बहुतेक ठिकाणी जेवायला मिळतं. त्याला ‘गेस्ट ताट’ म्हणतात.

राईस प्लेट: ठरावीक चपात्या, एक-दोन भाज्या, वरण-भात. मोजून येते. जास्तीचं घेतलं तर त्याचे पैसे वेगळे.

पोटभर थाळी: पाहिजे तेवढं वाढतात. पण कोणते पदार्थ पाहिजे तेवढे, हे विचारून घ्यावं लागतं. अनेकदा भाकरी आणि रस्सा पुन्हा मिळतो, सुकी भाजी आणि गोड एकदाच.

ढाबा: मोठ्या रस्त्यावरचा. ऑर्डर दिल्यावर भाजी करतात. त्यामुळं वेळ जास्त, पैसेही जास्त.

फॅमिली गार्डन, परमिट रूम: इथं धंदा संध्याकाळचा असतो. दुपारी स्वस्त ताटासाठी ही जागा नाही.

स्वस्त ताट परवडतं कसं?

समजा, एका खानावळीत रोज दुपारी ८० ताटं जातात आणि त्यातली ५० नेहमीच्या लोकांची आहेत. म्हणजे सकाळी सात वाजताच किती पीठ मळायचं, किती डाळ शिजवायची हे मालकिणीला माहीत असतं. उरलं-सुरलं फेकायची वेळ फारशी येत नाही.

मोठ्या हॉटेलात नेमकं उलटं असतं. मेन्यू कार्डावर दीडशे पदार्थ. त्यातला कोणता कधी मागवला जाईल याचा नेम नाही. त्यामुळं पनीर, मटार, तयार ग्रेव्ही, क्रीम असं सगळं फ्रीजमध्ये भरून ठेवायचं. जे खपत नाही त्याचा खर्च खपलेल्या भाजीवर चढतो. वर एसी, वेटर आणि जागेचं भाडं.

म्हणजे स्वस्त ताटामागं चार गोष्टी असतात. पदार्थ कमी, गिऱ्हाईक ठरलेलं, वेळ ठरलेली आणि घरच्या माणसांचे कष्ट.

चौथी गोष्ट नीट लक्षात ठेवा. बहुतेक छोट्या खानावळीत भाकरी थापणारी बाई मालकीण तरी असते, नाहीतर मालकाची आई, बायको किंवा वहिनी. तिचा पगार कुठल्याच हिशेबात लिहिलेला नसतो. ताट स्वस्त राहतं त्याचं एक मोठं कारण हे आहे.

दर वाढायची कारणंही ठरलेली असतात. खानावळीला घरगुती सिलिंडर वापरायला परवानगी नाही. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो, व्यावसायिक १९ किलोचा. व्यावसायिक सिलिंडरचे दर साधारणपणे दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. घरगुती सिलिंडरवर तोच ५ टक्के आहे. त्यात तेल महागलं, कांदा महागला की आधी ताटातला कांदा जाऊन त्या जागी कोबी किंवा मुळा येतो, मग वाटी लहान होते आणि अगदीच निभेना झालं की पाटीवरचा आकडा खोडला जातो. कारण नेहमीच्या गिऱ्हाइकाला पाच रुपयांची वाढही लगेच जाणवते.

हा धंदा उभा कुणी केला?

खानावळीची सगळ्यात मोठी गोष्ट मुंबईच्या गिरणगावातली आहे. कोकण, सातारा, कोल्हापूर अशा भागातून हजारो पुरुष एकटेच गिरणीत कामाला यायचे. एका खोलीत पाळ्या लावून राहायचे. बायको-मुलं गावाला. मग जेवायचं कुठं? तर चाळीतल्या बायकांनी महिन्याच्या ठरलेल्या पैशावर या कामगारांना जेवू घालायला सुरुवात केली.

अडचण अशी होती की कामगार पगार झाल्यावर पैसे देणार आणि किराणा मात्र आधी भरावा लागणार. मधल्या काळात या बायका सावकाराकडून जबर व्याजानं पैसे घ्यायच्या. प्रेमा पुरव या कामगार चळवळीतल्या कार्यकर्तीनं हे बघितलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खानावळवाल्या बायकांना एकत्र करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढं २००२ मध्ये प्रेमा पुरव यांना पद्मश्री मिळाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगारांचा पगार थांबला आणि त्यांच्या पैशावर चालणाऱ्या खानावळीही अडचणीत आल्या.

पुण्यात वेगळा प्रयोग झाला. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. हमालासारख्या अंगमेहनत करणाऱ्या माणसाला स्वच्छ, पोटभर आणि परवडणारं जेवण मिळावं, तेही ना नफा ना तोटा या तत्त्वावर, अशी कल्पना होती. आजही पुण्यात फिरताना साधं जेवण हवं असेल तर हे नाव लोक आवर्जून सांगतात.

सरकारनंही हात घालून बघितला. १९९५ मध्ये युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना आणली. पुढं सरकार बदललं, अनुदान बंद झालं आणि झुणका-भाकरीच्या अनेक स्टॉलवर दुसरेच पदार्थ विकले जाऊ लागले.

मग २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. दुपारी १२ ते २ ही वेळ. खाणाऱ्यानं द्यायचे १० रुपये. पण केंद्रचालकाला ताटामागं शहरात एकूण ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये मिळतील असा हिशेब होता. वरची रक्कम सरकार अनुदान म्हणून देणार. हे अनुदान वेळेवर येत नाही, अशी तक्रार केंद्रचालकांनी पुढं अनेकदा केली.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन छोट्या चपात्यांच्या मोजून दिलेल्या ताटाला २०२० मध्येच सरकारनं ३५ ते ५० रुपये धरले होते. त्यानंतर तेल, गॅस, मजुरी सगळं वाढलंय. त्यामुळं आज कुणी अनुदानाशिवाय अगदीच किरकोळ पैशात ‘अनलिमिटेड’ थाळी देत असेल तर खूश होण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. हे पैसे वाचवले कुठं?

बारामती आणि वडगाव निंबाळकरला नेमकं कुठं शोधायचं?

याचं एका वाक्यातलं उत्तर: जिथं लोकांना रोज घराबाहेर जेवावं लागतं तिथं.

फिरायला आलेला माणूस एकदा जेवतो आणि जातो. त्याला वाईट जेवण दिलं तरी हॉटेलवाल्याचं फारसं बिघडत नाही. रोज येणाऱ्या माणसाला मात्र दोन दिवस खारट आमटी दिली की तिसऱ्या दिवशी तो समोरच्या खानावळीत बसतो. म्हणून चांगलं आणि स्वस्त जेवण रोजच्या गिऱ्हाइकाच्या मागं मागं जात असतं. आपणही त्याच्याच मागं जायचं.

बारामती शहरात असे लोक कुठं सापडतात?

एक, कॉलेजच्या बाजूला. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, विद्या प्रतिष्ठान, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यामुळं बारामतीत बाहेरगावची मुलं-मुली मोठ्या संख्येनं राहतात. जिथं हॉस्टेल आणि भाड्याच्या खोल्या, तिथं मेस. मुख्य रस्त्यावर पाटी नसेल, पण चहाच्या टपरीवर ‘मेस कुठली चांगली आहे?’ विचारलं की मुलं दोन नावं सांगतात आणि तिसऱ्या ठिकाणी जाऊ नका हेही सांगतात.

दोन, एमआयडीसीत. पाळीवर काम करणारे, ट्रक-टेम्पोचे ड्रायव्हर, माल उतरवणारे. इथलं जेवण झणझणीत आणि पोटभर असतं. बसायची सोय साधी असते.

तीन, एसटी स्टँड, बाजार समिती, कोर्ट, तहसील कचेरी. तालुक्याच्या गावाला कामासाठी आलेला शेतकरी दुपारी इथंच जेवतो. बाजाराच्या दिवशी तर गर्दी मावत नाही, पण भाजी त्याच दिवशी सगळ्यात ताजी असते.

आता वडगाव निंबाळकर. हे गाव नीरा-बारामती रस्त्यावर, नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात. आजूबाजूला ऊस. इथं पोलीस ठाणं आहे, त्यामुळं आसपासच्या गावातल्या लोकांचं येणं-जाणं असतं. जवळच सोमेश्वरनगरला सोमेश्वर सहकारी साखर कारखाना आणि काकडे महाविद्यालय. म्हणजे रोज बाहेर जेवणारे इथंही आहेत. पण शहराइतके नाहीत.

याचा अर्थ काय? तर गावात दुपारचं जेवण मोजून केलेलं असतं. दीड-दोनच्या पुढं ‘संपलं’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. चार-पाच जण असाल तर अकरा-साडेअकरालाच खानावळीत जाऊन सांगून ठेवायचं, ‘मावशी, एक वाजता पाच ताटं लागतील.’ मग भाकरी तुमच्यासाठी तव्यावरून उतरते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम असतो. त्या काळात सोमेश्वरनगर, माळेगाव, इंदापूर तालुक्यातलं भवानीनगर अशा कारखान्यांच्या परिसरात रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग असते. गाडीवान, ड्रायव्हर, कारखान्याचे कामगार यांच्यासाठी जेवणाची ठिकाणं गजबजलेली असतात. हंगाम संपला की हीच ठिकाणं थंड पडतात. त्यामुळं जानेवारीतला रिव्ह्यू वाचून जूनमध्ये गेलात तर कुलूप दिसू शकतं.

आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, काटेवाडी, इंदापूर अशी जाते. त्या दिवसात या वाटेवरच्या खानावळींवर वारकऱ्यांचा ताण असतो. नुसतं फिरायला जायचं असेल तर पालखी पुढं गेल्यावर जा.

मोठा रस्ता की गावातला जुना रस्ता?

पाटस-बारामती-इंदापूर हा पालखी मार्ग आता रुंद झालाय. पुणे-सोलापूर महामार्ग इंदापूर तालुक्यातून जातोच. अशा रस्त्यावर मोठी हॉटेलं उभी राहतात, कारण तिथं गाड्या थांबवायला जागा असते. पण तिथलं गिऱ्हाईक वाहतं. पुन्हा भेटेलच असं नाही.

‘जिथं ड्रायव्हर जेवतात तिथं जेवावं’ हा जुना सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्यात एक गोम आहे. प्रवासी गाडी ठरलेल्या हॉटेलवर थांबवली की ड्रायव्हरला अनेकदा जेवण फुकट मिळतं. प्रवासी आणल्याबद्दलची ती परतफेड असते. त्यामुळं बस उभी दिसली म्हणून जेवण चांगलंच असेल असं नाही. ट्रक आणि टेम्पोचा ड्रायव्हर मात्र स्वतःच्या खिशातून पैसे देतो. तो जिथं थांबतो तिथं थांबायला हरकत नाही.

इंदापूर तालुक्यात भिगवणच्या बाजूला गेलात तर गणित थोडं बदलतं. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला लोक तिथं जातात आणि उजनीच्या पाण्यातले मासे खाऊन येतात. मासळीचं ताट शाकाहारी ताटापेक्षा महागच असतं. पण त्यातही फरक असतो. चिलापीचं ताट स्वस्त, मरळ किंवा वाम मागितली की दर चढतो. म्हणून बसण्याआधी कोणता मासा आहे आणि ताटात तुकडे किती, हे दोन प्रश्न विचारून घ्यायचे.

वार बघूनही जेवण ठरतं

गावाकडं जेवणाला वाराचा हिशेब असतो. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटण-चिकनचे. अळणी, सुकं, रस्सा आणि भाकरी असं ताट या दिवशी ताजं मिळतं. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि श्रावणात मांसाहारी खानावळीत गर्दी कमी असते, काही ठिकाणं तर बंदच असतात. आदल्या दिवशीचं उरलेलं ताटात यायची भीती अशाच दिवशी जास्त. उलट याच दिवशी शाकाहारी खानावळीत मजा असते. पिठलं, मटकीची उसळ, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा.

भाकरीचंही तसंच. तालुक्याचा सुप्याकडचा भाग जिरायती, नीरेकडचा बागायती. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी अशी साधारण पद्धत. मे महिन्यात कुणी बाजरीची भाकरी आग्रहानं ‘स्पेशल’ म्हणून विकत असेल तर तो पाहुण्यांसाठीचा मेन्यू आहे असं समजा. गावातला माणूस उन्हाळ्यात ज्वारीचीच मागतो.

आत गेल्यावर दोन मिनिटांत काय बघायचं?

ताटाकडं बघण्याआधी या गोष्टी बघा.

- माणसं कोण आहेत? एकटी जेवणारी माणसं जास्त असतील, मालक त्यांना नावानं हाक मारत असेल, तर ते नेहमीचे आहेत.
- फळ्यावर आजची भाजी लिहिली आहे का? खडूनं लिहिलेली दोन नावं छापलेल्या दीडशे नावांपेक्षा भरवशाची.
- भाकरी समोर थापली जाते का? थापलेल्या भाकऱ्यांची चळत दिसली तर ‘गरम मिळेल का’ विचारा.
- हात धुवायची जागा आणि ताटं धुवायची जागा. शेड जुनी असली तरी चालेल, मोरीत पाणी तुंबलेलं नको. जारवर झाकण आहे का, ग्लास बुडवून पाणी काढतात की नळ आहे, हे बघा.
- तेल. भजी-पापड तळायच्या कढईतलं तेल काळं, दाट, फेसाळ असेल तर तळलेलं टाळा. वारंवार तापवलेल्या तेलासाठी १ जुलै २०१८ पासून मर्यादा लागू आहे. तेलातले टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरता येत नाही. हे आपल्याला डोळ्यानं मोजता येत नाही, पण रंग आणि वास पुरेसा बोलतो.
- रश्श्याचा रंग. भडक लाल तर्री म्हणजे चांगला मसाला असं नसतं. बोटाला लागलेला रंग साबणानं धुतल्यावरही राहिला तर पुढच्या वेळी दुसरी खानावळ शोधा.
- गल्ल्याजवळचा १४ आकडी नंबर. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गाडीवाल्यालाही, एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर तो नंबर तपासता येतो आणि तक्रारही करता येते.

महिला एकट्या किंवा मैत्रिणींबरोबर फिरत असतील तर दुपारी एकच्या सुमाराला कॉलेजच्या बाजूच्या मेस आणि बायकांनी चालवलेल्या खानावळी सोयीच्या पडतात. ‘परमिट रूम’ची पाटी असलेल्या ठिकाणी दुपारीही वातावरण वेगळं असू शकतं.

बसण्याआधी विचारायचे प्रश्न, उठताना बघायचं बिल

विचारायला लाजू नका. खानावळीत हे प्रश्न रोज विचारले जातात.

‘दादा, ताट कितीला? भाकरी किती? जास्तीच्या भाकरीचे किती? भात त्यातच का वेगळा? ताक-दही धरलंय का?’

एवढं विचारलं की बिलाच्या वेळी वाद होत नाही. दोघांत एक ताट घेणार असाल तर तेही आधीच सांगा. पोटभर थाळी दोघांत चालत नाही, राईस प्लेट चालते.

बिलाचं थोडं. रेस्टॉरंटच्या जेवणावर साधारण ५ टक्के जीएसटी असतो. पण सेवा देणाऱ्या व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर जीएसटी घेता येत नाही. जे व्यावसायिक कंपोझिशन योजनेत आहेत, त्यांनाही गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी लावता येत नाही. म्हणून बिलावर जीएसटी लावलेला दिसला तर त्याच बिलावर जीएसटी क्रमांक आहे का बघा. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला स्पष्ट केलं. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये तेच कायम ठेवलं. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

खरं तर साध्या खानावळीत हे काही लागत नाही. ‘दोन ताटं, तीन भाकरी जास्त’ असं गल्ल्यावर तोंडी सांगितलं की हिशेब होतो. आपण जास्तीची भाकरी घेतली हे आपणच सांगायचं असतं. धंदा त्या विश्वासावर चालतो.

मग रील आणि रिव्ह्यूचं काय करायचं?

बघा, पण उलट्या बाजूनं वाचा. फोटोत पराती एवढं ताट, वर तुपाची धार, मागं गाणं असेल तर ते ताट फोटोसाठी आहे. रिव्ह्यूत ‘ॲम्बियन्स’चं कौतुक जास्त आणि भाकरीचा उल्लेखच नसेल तर पुढं चला. ‘तीन वर्षं जेवतोय’, ‘आजारी होतो तर डबा पाठवला’, ‘यावेळी आमटी पातळ होती’ असं कुणी लिहिलं असेल तर तो नेहमीचा माणूस आहे. त्याची तक्रारसुद्धा कामाची असते.

आणि एक उलटा धोका. एखाद्या चाळीस ताटांच्या खानावळीचं रील व्हायरल होतं. दुसऱ्या रविवारी तिथं दोनशे माणसं येतात. मालकीण नाही म्हणू शकत नाही. भाकरीला आणखी दोन बायका लावाव्या लागतात, भाजी पातळ होते, दर वाढतो. नेहमी जेवणारा हमाल किंवा विद्यार्थी रांग बघून परत जातो. महिन्याभरात रील जुनं होतं, गर्दी ओसरते. तोपर्यंत नेहमीचं गिऱ्हाईक दुसरीकडं गेलेलं असतं. रील टाकू नका असं नाही. पण टाकण्याआधी मालकिणीला विचारा, ‘जास्त माणसं आली तर चालतील का?’ आणि वेळ, सुट्टीचा वार, किती जणांची सोय होते हेही लिहा.

थोडक्यात लक्षात काय ठेवायचं?

मॅपवर ‘हॉटेल’ नाही, ‘खानावळ’ आणि ‘मेस’ शोधा. स्टारपेक्षा रोज जेवणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवा. साडेबारा ते दीड ही वेळ साधा, गावात असाल तर आधी सांगून ठेवा. वार बघा, तेल बघा, मोरी बघा. ताटाचा दर आधी विचारा.

आणि ताट शंभराच्या जागी एकशे दहाचं असेल तर लगेच पुढचं दुकान गाठू नका. पदार्थ कमी ठेवून, वेळ पाळून ताट स्वस्त करता येतं. पण एका मर्यादेखाली दर गेला की तो तेलातून, पिठातून नाहीतर चुलीपुढच्या बाईच्या मजुरीतून वसूल होतो. ताटात घेतलेलं संपवणं, वेळेवर जाणं आणि उठताना जास्तीची भाकरी स्वतःहून सांगणं, एवढं केलं तरी त्या खानावळीचा हिशेब जुळतो. आणि पुढच्या खेपेला तुम्ही गेलात तर ती चालू असते.